जिनातल्या शाळेची खिडकी

तो गवंडी माणसांशी बोलायचा नाही, भिंतीशी बोलायचा. थापीच्या मुठीनं ठोकायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "हां, बोल." कुणी काही विचारलं तरी उत्तर भिंतीलाच द्यायचा. मला तो वेडसर वाटायचा.

केजजवळच्या आमच्या गावात कापसातली सरकी काढायचा जीन बंद पडला होता. निजामाच्या सरकारनं तिथं मुलींची शाळा काढायचं ठरवलं. वाऱ्यानं रुई उडू नये म्हणून जिनाच्या खिडक्या पार वर होत्या. गवंड्यानं उजेडासाठी रस्त्याकडची एक खिडकी फोडून कमरेपर्यंत खाली आणली.

झालं. माझे वडील माझा हात धरून तिथं आले. "येणारंजाणारं आत डोकावंल. आमची पोर येनार न्हाई." बाकीच्या बापांनीही तेच लावून धरलं.

गवंडी भिंतीला म्हणाला, "ऐकलं का? पोरी म्हंजी काय सरकी हाय, अंधारात ठिवायला?"

मला वाटलं, संपली शाळा. पण दुसऱ्या दिवशी ठोकाठोक ऐकून वडील आणि मी गेलो तर त्यानं खिडकी बुजवून टाकली होती आणि छपराचे दोन पत्रे काढून तिथं काचा बसवत होता. खाली फरशीवर उन्हाचा चौकोन पडला होता. वडील वर बघत राहिले. तेव्हा गवंडी पहिल्यांदा माणसाकडं बघून बोलला, "मालक, आता वरून देवच बघंल. त्याला बी बंदी हाय का?"

वडिलांनी माझा हात सोडला. मी त्या उन्हात जाऊन बसले, ती चौथी होईपर्यंत उठले नाही.