धारवाले चाचा आणि बर्फावरून उतरलेली पोरं

ज्याने जन्मात एकदाही बर्फावर पाय ठेवला नाही, आणि तरी बर्फावर धावणाऱ्या प्रत्येक पायाची खोड ज्याला तोंडपाठ होती, असा माणूस साऱ्या अमिरातीत एकच झाला असेल. आणि तो दुबईच्या देरा भागातल्या खोलीत माझ्या वरच्या बंकवर झोपायचा. आम्ही त्यांना धारवाले चाचा म्हणायचो. दुबईतल्या एका मॉलच्या पोटात आइस हॉकीची रिंक आहे, तिच्या भिंतीमागच्या खोलीत बसून ते मुलांच्या स्केट्सना धार लावायचे. मी सांगली जिल्ह्यातला, चाचा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. त्यांची बोली कोकणी, माझी घाटी, आणि मधे कुठेतरी हिंदीच्या थांब्यावर आमची गाठ पडायची. वडील गवंडी, आईला सही मी शिकवली, आणि आमच्या साऱ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.कॉम., सेकंड क्लास. हे मी कुणी न विचारताही सांगतो, त्या खोलीत शिरल्या शिरल्याही सांगितलं होतं. बाकीचे सात जण कूस बदलून झोपले. वरून एक डोकं तेवढं खाली लोंबकळलं आणि म्हणालं, "ग्रॅज्वेट काय? मग खालचाच बंक घे. शिकलेल्या माणसाला चढायला जमत नाही."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी ग्रॅज्वेट.

चाचा बर्फाच्या धंद्यात आले तेच मुळी चुकून. तरुणपणी ते बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होते. होड्या लागल्या की लाद्या फोडायच्या, मासळीवर पसरायच्या, आणि मधल्या वेळात कोयत्या-विळ्यांना धार लावून द्यायची. मुंबईच्या एजंटाने विचारलं, "बर्फाचं काम येतं?" चाचा म्हणाले, "दुसरं येतंय काय?" झालं, व्हिसा आला. पहिल्या दिवशी फिलिपिनो सुपरवायझरने रिंकचं दार उघडलं. समोर एवढं थोरलं, पांढरंशुभ्र, गुळगुळीत बर्फाचं मैदान. चाचा बघतच राहिले, आणि शेवटी त्यांनी विचारलं, "फिश किधर है?" सुपरवायझरला वाटलं माणूस भुकेला आहे, त्याने कॅन्टीनमध्ये नेऊन त्यांना पोटभर मासा खाऊ घातला. चाचा खाऊन परत आले आणि पुन्हा तेच विचारलं. "मला वाटलं, नमुना खायला दिलान, माल मागून येतोय," असं ते नंतर सांगायचे. माल कधी आलाच नाही. आली ती मुलं. आठ वर्षांची, दहा वर्षांची, अंगापेक्षा मोठे गार्ड बांधलेली, बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन सोडून आत थंडीत कुडकुडणारी. "एवढ्या बर्फात किती सुरमई राहिली असती रे," हे मात्र चाचा शेवटपर्यंत हळहळत म्हणायचे.

धार त्यांच्या हातात होती, म्हणून त्यांना मशीनवर बसवलं. स्केटचं पातं सुरीसारखं नसतं, हे मला चाचांनीच शिकवलं. त्याला दोन कडा असतात, मधे बारीक पन्हळ. पन्हळ खोल गेली तर पाय बर्फात रुततो, उथळ राहिली तर पोरगं वळणावर आडवं होतं. धार बघायला ते पातं डाव्या अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढायचे. नखाचा भुसा पडला तर धार बरोबर. त्यांच्या त्या नखाला कायम पायऱ्यांसारख्या खाचा असत, आणि घरी सुट्टीवर गेले की चाची पहिल्यांदा तो अंगठा हातात घेऊन बघायची, असं एकदा लाजत म्हणाले होते. गोलकीपरची धार वेगळी, धावणाऱ्याची वेगळी, रडक्या पोराची वेगळी. रडक्याला ते मुद्दाम जरा बोथट धार द्यायचे. "दोन महिने पडू दे कमी. भीती गेली की देईन खरी."

स्केट घालून कुणी फरशीवर चाललं की मात्र चाचांमधला साधा माणूस संपायचा. धार फरशीवर मरते. मॉलच्या गर्दीत ते "हबीबी! फरशी! फरशी!" ओरडत धावायचे. एकदा पांढऱ्या कंदुऱ्यातले, म्हणजे पायघोळ झग्यातले, एक अरब गृहस्थ आपल्या मुलाला तसंच चालवत नेत होते. चाचांनी त्यांना भर मॉलमध्ये हिंदी, कोकणी आणि तुटक अरबी अशा तिन्ही भाषांत झापलं. नंतर कळलं की ते पोलिसांतले मोठे अधिकारी. चाचा आठवडाभर बॅग भरून बसले होते. पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ आले, मुलगा खांद्यावर! पुढे दोन वर्षं त्यांनी मुलाला पार्किंगपासून रिंकपर्यंत खांद्यावरच आणलं, शेवटी मुलगा बापापेक्षा उंच झाला तेव्हा चाचांनीच हात जोडले, "खलास साहेब, आता चालू दे त्याला."

चाचांनी एकही मॅच पाहिली नाही. मॅचच्या दिवशी कामच जास्त. पण भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजावरून ते सांगायचे, "हा कॅनडावाला, उजवा आत टाकतोय. ही आपली गोलकीपर, गुडघ्यावर बसली बघ." मुलांची नावं त्यांना येत नसत. त्यांच्याकडे शाळेची एक दोनशे पानी वही होती. तिच्यात दर पानावर एका पोराचं पाऊल पेन्सिलीने गिरवलेलं, कुठली कड झिजते तिथे बाण, खाली देश आणि बापाचा मोबाइल नंबर. दुबईतल्या ज्युनियर हॉकीचा सगळा इतिहास त्या वहीत होता. वर्षांचे आकडे नव्हते. 'फिनलंडच्या दोन भावांचं वर्ष', 'बँकॉकला जाऊन डझनभर गोल खाल्ले ते वर्ष', असा हिशेब. आणि प्रत्येक वर्षाचा शेवट सारखाच. बापाची नोकरी संपायची, कंटेनर भरायचा, पोरगं स्केट्स घेऊन निघून जायचं. चाचा पानावर एक आडवी रेघ मारायचे. कुठे गेलं, हे कुणी सांगत नसे. चाचाही विचारत नसत. इथे सगळेच जाणारे, विचारायचं कशाला.

मग एक नवा मॅनेजर आला आणि त्याच्या मागोमाग नवं मशीन. स्केट आत सरकवायचा, बटण दाबायचं, झालं. मॅनेजर वाईट नव्हता. सहज, चहा पिता पिता त्याने विचारलं, "चाचा, इतकी वर्षं धार लावलीत. यातलं एक तरी पोरगं आज कुठे हॉकी खेळतंय का?"

चाचा म्हणाले, "इन्शाल्ला."

आणि मग त्यांना झोप लागेना. वय झालेलं, व्हिसा पुढे वाढणार नव्हता, महिन्याअखेर घरी जायचं ठरलेलं. सामान बांधायचं सोडून चाचा वही घेऊन मेट्रोने माझ्याकडे आले. मी तोवर देरा सोडून बायको-मुलीसह डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला गेलो होतो. त्यांनी वही डायनिंग टेबलवर ठेवली. "ग्रॅज्वेट, तुझ्या इंग्रजीचं आज काम आहे. मला एक पोर शोधून दे. जास्त नको. एकच. अजून बर्फावर असलेलं."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर मग मी वीस-बावीस वर्षं कोयत्यांनाच धार लावली म्हणायचं."

आधी आम्ही वहीतल्या नंबरांवर फोन लावले. इथे माणूस देश सोडून गेला की त्याचा नंबर काही दिवसांनी दुसऱ्याला मिळतो, हे मला ठाऊक होतं. चाचांना पटत नव्हतं. फिनलंडच्या भावांच्या बापाचा नंबर शारजातल्या एका पठाण शिंप्याने उचलला. चाचा त्याच्याशी अर्धा तास बोलले. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, डज ही नो हिम?" मी म्हटलं, नाही. "देन व्हाय इज ही आस्किंग अबाउट हिज नीज?" कारण शिंप्याचे गुडघे दुखत होते, आणि चाचांना कुणाचेही गुडघे चालायचे.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. क्लबचे जुने ईमेल, पालकांचे ग्रुप, फेसबुक. एक पत्र तयार केलं, व्याकरण तीनदा तपासलं, आणि मिळेल त्या पत्त्यावर पाठवलं. उत्तरं यायला लागली. मी वाचायचो, चाचा त्या त्या पावलाखाली लिहायचे. फिनलंडचा थोरला विमा विकतो. धाकटा हॉटेलात स्वयंपाकी आहे. खांद्यावरून येणारा मुलगा लंडनला वकिली शिकतो आणि त्याला स्केट्स आठवत नाहीत, बाबांचा खांदा आठवतो. एक इथेच फ्लॅट विकत होता. त्याने चाचांनाच एक स्टुडिओ दाखवायची तयारी दाखवली. कुणी दातांचे डॉक्टर, कुणी काहीच नाही. सगळे बरे होते. बर्फावर कुणी नव्हतं.

गोलकीपर मुलगी मात्र अमिरातीतच निघाली, फुजैराला, तेलाच्या टर्मिनलवर सेफ्टी ऑफिसर. आपली मराठी मुलगी. "फोनवर नको," चाचा म्हणाले, "समोर बघतो." शुक्रवारी डोंगर ओलांडून गेलो. ती गेटवर आली, हेल्मेट काढलं, आणि "ओ माय गॉड, चाचा!" म्हणून त्यांच्या गळ्यातच पडली. चाचांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंही नाही. खाली वाकून तिचा सेफ्टी बूट धरला. "पाय उचल." टाच आतून झिजलेली. "बघ! ग्रॅज्वेट, बघ! डावा अजून आत टाकते." ती हसत होती, चाचा हसत होते, गेटवरचा वॉचमन गोंधळला होता.

"खेळतेस ना बेटी?"

"कुठे चाचा... मास्टर्सला गेले तेव्हाच बंद केलं. फुजैरात बर्फ कुठला? स्केट्स मम्मीने कुणाला तरी देऊन टाकले. सॉरी हं."

"सॉरी कशाला," चाचा म्हणाले. परतीच्या वाटेवर डोंगर संपले. मग म्हणाले, "कॅनडावाला राहिला."

कॅनडावाल्याबद्दल मी आधीच सांगायला हवं होतं. चाचांच्या वहीत ज्याची दोन पानं आहेत असं ते एकच पोर. पंधराव्या वर्षी त्याला तिकडच्या ज्युनियर लीगने बोलावलं, तेव्हा रिंकवर केक कापला होता. जायच्या आदल्या दिवशी तो स्केट्स घेऊन आला आणि चाचांनी तासभर लावून धार दिली. तिकडे पहिल्या निवड चाचणीत तो वळणावर पडला, एवढं उडत उडत कानावर आलं होतं. पुढचं काही नाही.

त्याचं उत्तर आलं ते चाचा निघायच्या तीन दिवस आधी. दोन वर्षं खेळलो, वरच्या संघात कुणी घेतलं नाही, आता एका गोदामात काम करतो. बर्फाकडे बघत नाही. कृपया तुमच्या यादीतून माझं नाव काढा.

चाचा समोर बसले होते. मला शब्द फिरवता आले असते. पण मी साध्या घरातला माणूस. लिहिलंय ते वाचायचं, एवढंच शिक्षण मला कळलं होतं. मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. शेवटच्या ओळीसकट. आजही आठवलं की वाटतं, त्या एका दिवशी मी अडाणी असतो तर बरं झालं असतं.

चाचांनी दोन्ही पानं फाडली. घडी करून खिशात ठेवली. "काढ म्हणालाय तर काढायला हवं." मग बराच वेळ ते नख पुसत बसले. "धार खोल गेली असेल. मी जोशात होतो त्या दिवशी. खोल गेली की वळताना पाय अडकतो. विचार त्याला, ग्रॅज्वेट. धारेने पडलास काय रे, एवढंच विचार."

"चाचा, इतकी वर्षं झाली."

"म्हणून तर विचार."

मी विचारलं. उत्तर आलं नाही. चाचांना विमानतळावर सोडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं, मी 'नाही' अशी मान हलवली, आणि ते त्यांची ट्रॉली ढकलत आत गेले. ट्रॉलीवर तीन खोकी, एक कंबल, आणि कुठल्याच पोराने परत न नेलेलं एक हेल्मेट, नातवासाठी.

उत्तर आलं ते दोन महिन्यांनी, दुपारी ऑफिसात. मी जिन्यात जाऊन रत्नागिरीला फोन लावला. मागे कोंबड्यांचा आवाज, चाचीचा आवाज, मग चाचा.

"आलं काय?"

"आलं. म्हणतो, धारेचा दोष नव्हता. मीच तेवढा चांगला नव्हतो. तिकडे सगळेच माझ्याहून चांगले होते. त्या काकांनी हे इतकी वर्षं मनात ठेवलं, त्याचं मला वाईट वाटतं, असं लिहिलंय."

पलीकडे चाचांनी कोंबड्या हाकलल्या.

"म्हणजे धार बरोबर होती."

"बरोबर होती, चाचा."

"आणि तरी पोरगा मागे राहिला."

"राहिला."

ऑफिसात कुणीतरी माझ्या नावाने ओरडत होतं. मला वाटलं आता चाचा खलास म्हणतील आणि फोन ठेवतील.

"ग्रॅज्वेट, इंग्रजीत वाच."

"तुम्हाला कळणार नाही, चाचा."

"नसू दे. तू मराठीत सांगितलंस ते तुझं झालं. त्याने जसं लिहिलंय, तसं ऐकव."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मधेच थांबलो की ते फक्त "हां," म्हणायचे, आणि मी पुढे वाचायचो.