दुसऱ्या वर्षाची वाढ

रहिमतपुरात पाण्याची मोटर जळली की लोक चांदसाहेबांचं दुकान गाठतात. मोटर भरण्याचं, म्हणजे जळलेल्या तारा काढून नव्या गुंडाळण्याचं काम ते एका उस्तादांकडे तीन वर्षं शिकले, दोन वेळच्या चहावर आणि ईदच्या कपड्यांवर. उस्तादापुढे पैशाचा शब्द काढायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्यांच्या दुकानातला शिकाऊ पोरगा बिरदेवही याच कायद्याने राबत होता.

अशा बापाची लेक अर्शिया. बारावी झाली आणि सांगलीजवळच्या एका कारखान्यात दोन वर्षांसाठी अप्रेंटिस इलेक्ट्रिशियन म्हणून लागली. शिकवतात आणि वर भत्ताही देतात, हे ऐकून अब्बा हबकलेच. पहिला भत्ता त्यांनी तिला बँकेतून काढायला लावला आणि पेढ्यांसकट कारखान्यातल्या साहेबांना परत द्यायला धाडलं! शिकाऊ मुलांचं बघणाऱ्या लालासाहेबांनी पेढा तेवढा घेतला. "पोरी, हे कायद्यानं तुझं हाय. करारनामा वाच की जरा."

तिने वाचला, पार पाठ होईपर्यंत. दुसऱ्या वर्षी भत्त्यात दहा टक्के वाढ, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

वर्ष सरलं. घरमालकाने खोलीचं भाडं वाढवलं आणि खात्यात मात्र जुनाच आकडा आला. ओढाताण करूनही भागेना. करारातली वाढ मागते म्हणताच अब्बांनी फोनवर ठणकावलं, "उस्तादाकडं पैसं मागायचं न्हाईत. परवडत नसंल तर घरी ये."

घरी? आता? आठवड्यापूर्वीच तिने एकटीने जोडलेलं विजेचं अख्खं पॅनेल पहिल्या झटक्यात चालू झालं होतं! त्या आनंदात ती दोन घास जास्तच जेवली होती. आणि आता गाशा गुंडाळायचा? छे!

सकाळी ती करारनामा घेऊन लालासाहेबांसमोर उभी राहिली. बोट बरोबर त्या ओळीवर होतं. "सर, माझं दुसरं वर्ष लागलं. वाढ आली न्हाई."

लालासाहेबांनी संगणकात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आयला! नोंदच राहिली की. बरं झालं विचारलंस." लगेच फोन फिरले. चहा आला. दोन दिवसांत राहिलेली रक्कम खात्यात जमा झाली. मेसेज वाचून अर्शियाने कारखान्याच्या फाटकातच उडी मारली, वॉचमन बघत असताना.

तिने तिथूनच घरी फोन लावला. "अब्बा, मिळालं! मी राहतीय हितंच!"

"उस्ताद रागावलं न्हाईत?"

"न्हाई. उलट चहा पाजला."

पलीकडे दुकानात बिरदेवची हातोडी चालू होती. चांदसाहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "दुसऱ्या वर्साला किती वाढ म्हणालीस?"

"दहा टक्के. का वं अब्बा?"

"न्हाई, बिरदेवला दोन वर्सं झाली गं आपल्याकडं. भत्ता द्यायचा तर त्याचं पैलं वर्स कुठनं धरायचं, ते सांग."