चार सर्व्हर आणि एकच दार

माझ्या धाकट्या भावाची बायको गेली अकरा वर्षे एका सरकारी कार्यालयाच्या तळघरात चार सर्व्हर सांभाळते. ऐन उन्हाळ्यातही ती त्या थंडगार खोलीत स्वेटर घालून बसते, म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सारे तिला ‘स्वेटरबाई’ म्हणतात. सकाळी सहाला ती अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वडिलांची कूस बदलते, पाठीला पावडर लावते आणि मग कामावर जाते. वडील माझे, हात तिचे. मी साडेतीनशे किलोमीटरवरच्या शाळेत व्याकरण शिकवतो. यंदा बदली मिळाली असती, तर ते काम माझ्या हातांनी केले असते.

बदलीचा अर्ज आठ पानी, आणि तो तिच्याच सर्व्हरांवर भरायचा. पाचवे पान भरले की संकेतस्थळ मला ओळखेनासे होई आणि पुन्हा पहिल्या पानावर नेऊन सोडी. मी तिला फोन केला.

“दादा, चार खिडक्या आहेत असं समजा. पहिल्या खिडकीतल्या कारकुनानं तुमचे कागद घेतले, आणि पुढच्या वेळी दारावरच्यानं तुम्हाला तिसरीवर पाठवलं. तो कसा ओळखणार तुम्हाला?”

“मग दारावरच्याला सांग की!”

“तीन महिने सांगतेय. प्रत्येकाला एक बिल्ला द्यायचा, बिल्ला बघून त्याच खिडकीवर पाठवायचं. साहेब म्हणतात, समितीपुढे ठेवू. समिती म्हणजे आपल्या बाबांचा गुडघा. हलेल, पण कधी ते विचारू नका.”

मी आयुष्यभर जे करत आलो तेच केले. तक्रार लिहिली. एक नव्हे, पाच, मुद्देसूद, पोचपावतीसह. पाचवी वरपर्यंत पोहोचली, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी साहेब तळघरात उतरले. पुढचे तिने मला नंतर सांगितले.

“बिल्ल्याचं नंतर बघू. आत्ता इंटरनेटवरच्या पत्त्यावरून चिकटवा. जो ज्या पत्त्यावरून येईल, त्याला एकच सर्व्हर. एका ओळीचं काम आहे म्हणे.”

“साहेब, सगळ्या शाळा खात्याच्या एकाच लाइनवरून बाहेर पडतात. आपल्याला सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. सगळे एकाच सर्व्हरवर जाऊन आदळतील.”

“तुमच्याच थोरल्या दिरांची तक्रार ना ही? मग पुरवा की त्यांची हौस!”

तिने हुकूम लेखी मागितला. तो मिळाला नाही. तिने ती ओळ लिहिली.

दुपारपर्यंत दोन हजार शिक्षक एकाच सर्व्हरच्या छाताडावर बसले होते. उरलेले तीन माशा मारत होते. चारच्या सुमारास तिचा फोन आला.

“दादा, कितव्या पानावर आहात?”

“सातव्या.”

“मोबाइलवरून नाही का जमणार? त्याचा पत्ता वेगळा, मोकळा सर्व्हर मिळेल.”

“मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र शाळेच्याच संगणकावरून जोडायचं, हा तुमचाच नियम.”

“मग ‘पुढे’ दाबा. पटकन दाबा. साहेब सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायला सांगताहेत. केला की त्यावरचे सगळे अर्धवट अर्ज जाणार.”

“दाबलंय गं. चक्र फिरतंय.”

“अजून?”

“फिरतंयच.”

पलीकडून साहेबांचा आवाज आला, “काय स्वेटरबाई, मुहूर्त काढायचाय का?”

“दादा...” एवढेच ती म्हणाली, आणि माझ्यासमोर पहिले पान आले. आठव्या पानापर्यंत मी पोहोचलोच नाही. पाचला मुदत संपली.

पंधरवड्याने उत्तर आले: ‘आपल्या तक्रारीची दखल घेऊन आवश्यक ती सुधारणा करण्यात आली आहे. सबब, प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ व्याकरणाची एकही चूक नव्हती. साहेबांच्या पत्रांचे मसुदे तीच लिहिते, हे मला ठाऊक आहे. मी विचारले नाही. तिनेही विषय काढला नाही.

त्या रविवारी बाबांनी फोनवर विचारले, “अर्ज गेला का रे?”

मी शब्द जुळवत होतो, तोवर तिने त्यांच्या हातातून फोन घेतला. “गेला हो, बाबा. चला, आता डाव्या कुशीवर.”