गौरीने माझ्यासाठी केलेलं टेबल

गौरी गेली त्याला आज वर्ष झालं.
रडू येत नाही. सकाळी चहा केला, तो प्यायचाच राहिला.

गौरी माझी सून. हे प्रोफाइल तिनेच काढून दिलं होतं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

इथे अमेरिकेत, ट्रॉयला मी दर दिवाळीला मराठी मंडळासाठी आकाशकंदील करायचो. कामट्या इथे मिळत नाहीत. टोमॅटोच्या झाडांना आधार देतात त्या बांबूच्या काठ्या आणून चिरायचो. मैद्याची खळ, पतंगाचा कागद, सगळा पसारा गॅरेजमध्ये जमिनीवर.

गौरी फर्निचर डिझाइन शिकत होती. कॉलेजात तिला प्रोजेक्ट मिळालं. एखादा माणूस नवीन काही घडवतो तेव्हा त्याचं डोकं आणि हात कसे चालतात ते बघायचं, आणि त्यावरून त्याच्यासाठी टेबल करायचं.

कुणी पियानो वाजवणारा निवडला, कुणी आर्किटेक्ट. हिने मला निवडलं.

"अगं, मी कसला आर्टिस्ट? लोक हसतील."
"हसू देत. मार्क मला मिळणार आहेत."

मग स्टूल घेऊन गॅरेजमध्ये येऊन बसायची.

"बाबा, कंदील करताना सगळ्यात आधी काय करता?"
"काळजी."
"कसली?"
"कागद फाटेल, खळ पातळ होईल, ऐनवेळी बर्फ पडेल, कुणाला आवडणार नाही."
"आणि काम कधी सुरू करता?"
"काळजी करून दमलो की."

मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "म्हणजे तो कामाचाच भाग आहे. त्याला जागा द्यावी लागेल."

आणि दिली. टेबलाच्या पुढच्या बाजूला कोपरं टेकण्यापुरती रिकामी जागा.
"इथे सामान ठेवायचं नाही बाबा. इथे फक्त काळजी करायची."

डावीकडे खाचा केल्या. फसलेला सांगाडा मी टाकत नाही, पुढचा करताना समोर ठेवतो, हे तिने पाहिलं होतं.
वर कंदील टांगायला एक दांडी. कंदील खालून कसा दिसतो ते बघायला मी फरशीवर आडवा व्हायचो. आता खुर्चीत बसूनच दिसणार होतं.

मला त्या दांडीचीही काळजी. डोक्यात पडली तर?
माझा मुलगा समीर म्हणाला, "बाबा, तिने इंजिनियरला विचारून लावलीय."
"कुठल्या?"
"मला."
"मग तर पडेलच."
गौरी खूप हसली होती.

टेबल घरी आलं तेव्हा दिवाळीला अवकाश होता.
एका रविवारी डोकं दुखतंय म्हणून ती आडवी झाली. उठली नाही. डोक्यात रक्तस्राव झाला असं डॉक्टर म्हणाले.

घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही, कंदील नाही. मंडळातल्या लोकांनी फराळाचे डबे आणून दिले, कंदिलाचं नाव कुणी काढलं नाही.
टेबलावर चादर टाकली. काही करायला लागत नव्हतं ते बरंच होतं.

आज वर्षश्राद्ध झालं. गुरुजी म्हणाले, आता सण करायला हरकत नाही.

दुपारी मंडळाच्या शुभदाताईंचा फोन. "काका, यंदा कंदील जमतील का? नाही म्हणालात तरी चालेल. आपण दुकानातून आणू."
"बघतो," म्हणालो.

समीर समोर बसला होता. पानातलं तसंच होतं.
"बाबा, ते टेबल कुणाला देऊन टाकू का? रोज गाडी लावताना ते समोर येतं. मला बघवत नाही."
"तिने माझ्यासाठी केलंय ना?"
"तुम्ही तरी कुठे बसलात त्यावर?"

खरं होतं. एकदाही नाही.

गॅरेजमध्ये गेलो. चादर काढून घडी केली. पुढच्या रिकाम्या जागेवर कोपरं टेकून बसलो.
मग एक काठी चिरायला घेतली. कामटी वाकडी फुटली. दुसरी त्यातल्या त्यात बरी निघाली.

समीर कधी दारात येऊन उभा राहिला कळलं नाही.
"खळ मी करू?" म्हणाला.
"गुठळ्या करशील."
"करू दे की."
"बरं. मैदा आधी गार पाण्यात कालव."

संध्याकाळी शुभदाताईंना फोन करून सांगितलं, दुकानातून आणू नका.

गौरी, पोरी, टेबल घरातच राहील.
ज्या हातांनी तुला आशीर्वाद द्यायचे, त्या हातांनी हे लिहितोय. समीरची आणि तुझ्या या बाबांची श्रद्धांजली.