हात मांडीखाली

धारूरला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये तो माझ्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये बसला होता. पंचविशीचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, आणि दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांखाली दाबलेले. औषधं, छत्री, सुटे पैसे सगळं तपासून मी मोकळी झाले होते, म्हणून विचारलं, "थंडी वाजते का?"

"न्हाई काकू. मी पायलट हाय. आता विमान शिकवायचं शिकतोय. शिकणारा चुकला तरी त्याला सुधारायला वेळ द्यावा लागतो. मागच्या परीक्षेत मी लई लवकर मधी हात घातला अन् नापास झालो. सोमवारी परत हाय. म्हणून हात आवरायची सवय करतोय."

"मग मी काय तुझा इद्यार्थी हाय का बे?" असं म्हणत ड्रायव्हर गुडघ्याने स्टिअरिंग धरून तंबाखू मळू लागला.

घाटातल्या वळणावर समोर शेळ्या आल्या. पोरगा पुटपुटत होता, "आजून न्हाई, आजून न्हाई." मला राहवलं नाही. त्याच्यावरून वाकून मी स्टिअरिंगच धरलं.

"ओ काकू, सोडा!" ड्रायव्हर ओरडला. त्याचा हात केव्हाच स्टिअरिंगवर आला होता. तंबाखू आम्हा तिघांवर उडाली आणि जीप शेळ्यांना वळसा घालून निघाली.

पोराने मुंग्या आलेले हात बाहेर काढले. चेहरा फुलला होता. "मी न्हाई घातला हात! काकू, तुमी नापास."

त्याच्या परीक्षेचं काय झालं, मला कळलं नाही. सून पुरणपोळी लाटायला बसली की मी हात मांडीखाली घेते. अजून तरी पास झालेले नाही.