सहा टाक्यांची पंगत

"या रं, पानं वाढलीत!" असे म्हणत आबा सिमेंटच्या टाकीच्या काठावर बोटांनी तीनदा टकटक करीत. तळाशी गेलेले चिलापी मासे वर येत, आणि मगच आबांची मूठ सुटे.

नवलाख उंबरे गावाजवळच्या आमच्या मत्स्य केंद्रात आबा माशांना खाद्य घालण्याच्या कामावर होते. आंदर मावळातल्या वाडीतून रोज चालत येत. एकदा उशीर झाला म्हणून मी घड्याळ दाखवले, तर म्हणाले, "मासं रागावलं न्हाईत सायेब, तुमी कशापायी रागावता?"

माझा प्रयोग साधा होता. सहा टाक्या; तीन टाक्यांना माशाच्या तेलाचे खाद्य, तीन टाक्यांना जवसाच्या तेलाचे. शरीरात चरबी वाहून नेण्याचे काम काही जनुकांच्या हुकमाने चालते. खाद्यातले तेल बदलले की ती जनुके अधिक जागी होतात की मंदावतात, हे मला पाहायचे होते. आबांना मी एवढेच सांगितले होते, की लाल खुणेचे पोते या तीन टाक्यांना आणि हिरव्या खुणेचे त्या तीन टाक्यांना. कशासाठी, ते सांगण्याची मला गरज वाटली नव्हती.

काही महिन्यांनी माशांच्या यकृताचे नमुने तपासून आले. सहाही टाक्या जवळपास सारख्या. तेलाने फरक पडत नाही, असा निष्कर्ष मी समाधानाने लिहायला घेतला.

"काय निगालं, सायेब?" आबांनी दारातून विचारले.

"सगळे मासे सारखेच निघाले."

त्यांचा चेहरा उजळला. "निगणारच! लाल पोत्याला मासळीचा वास, हिरव्याला कायबी न्हाई. मी रोज हिरव्यावाल्यांना लाल पोत्यातली मूठ घालत व्हतो. एका पंगतीत दोन वाढपं बरी दिसत्यात व्हय?"

पंगतीत भेदभाव करणाऱ्या यजमानाला तुम्हीआम्ही नावे ठेवतो. आबांनी तो माशांतही होऊ दिला नव्हता. शिवाय स्वतःहून बोलून त्यांनी मला एका खोट्या निष्कर्षापासून वाचवले होते. मला मात्र वाया गेलेले महिनेच दिसले. 'सूचना पाळल्या नाहीत', असे मी वरिष्ठांना लिहून दिले. आबांनी आपण होऊन सांगितले, हे लिहिले नाही. आठवड्याभरात आबांचे काम गेले.

प्रयोग पुन्हा केला. या वेळी फरक स्पष्ट दिसला. ते सांगायला मी वाडीवर गेलो, तेव्हा घरात पाने वाढली जात होती. त्यांच्या कारभारणीने माझ्यासाठी वेगळे, चांगले ताट काढले.

"सायेबांना न्यारं नगं," आबा म्हणाले. "हितं समद्यांना सारखंच."

जेवता जेवता मी सगळे सांगितले : दोन तेले कशासाठी होती, आणि मी काय लिहून दिले होते, तेही.

आबांनी भाताचे पातेले पुढे ओढले. मग म्हणाले, "आदी सांगितलं असतं, तर मी हात आवरला असता." आणि माझ्या ताटात भात वाढला. "जेवा. निवतोय."

मी वरिष्ठांशी बोलून आबांना परत कामावर बोलावले. "लावणी उरकली की येतो," असा निरोप आला. त्याच पावसाळ्यात आबा गेले.

आता पुढच्या प्रयोगातही लाल-हिरवी पोती आहेत, आणि सकाळचे खाद्य मी स्वतः घालतो. काठावर तीनदा टकटक करतो. नवे मासेही त्या आवाजाला सरावले आहेत. सहाही टाक्यांत ते वर येऊन तोंडे उघडतात. हिरव्या खुणेचे पोते उघडताना मात्र 'पानं वाढलीत' एवढे माझ्या तोंडून निघत नाही.