गाडीत कोणी झोपायचं

नंदाखालवरून मुंबईला कामाला निघालो तेव्हा आईने गाडीत केळ्यांची फणी ठेवली आणि बाबा बोलले, "हा वाटेत झोपला नाही म्हणजे मिळवली." बाबांचं काय चुकलं? बागेत पंप लावून मी केळींच्या सावलीत झोपायचो, नि पाणी शेजाऱ्याच्या वांग्यांत जायचं. असल्या माणसाला मुंबईत काम काय मिळालं, तर पायलट लोकांना घरून विमानतळावर सोडायचं.

आता मरोळला एका खोलीत चौघं ड्रायव्हर राहतो, पाळीपाळीने झोपतो. तुम्हाला गावात वाटतं, पोरगा विमानवाल्यांत उठबस करतो. अरे, ते मागे बसतात, मी पुढे. आरशात दिसतात तेवढेच. टोपी मांडीवर, डोळे लाल. त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकायला लागल्यापासून डोक्यावरून विमान गेलं की मी खाली वाकतो.

गेल्या महिन्यात आई बहिणीकडे बंगळूरला निघाली. पहिल्यांदाच विमानात. मी फुशारकी मारली, "आई, तुझा पायलट मीच आणून देतो." त्या सकाळी आईच्याच विमानाचे कॅप्टनसाहेब गाडीत बसले नि फोनवर कोणाला तरी बोलले, "लागोपाठ चौथी सकाळ आहे. बाजूचा को-पायलट मुलगा एकदम नवा. मलाच दोघांचं बघायला लागणार."

धीर करून बोललो, "साहेब, पोचेपर्यंत जरा डोळा लावा ना."

"कसा लावू? मघाशी सिग्नलला तू पेंगत होतास. तुझ्या गाडीत मी जागाच असतो."

खरं होतं. दोन ड्युट्या सलग मारलेल्या. म्हणजे साहेबांची झोप मीच खात होतो, नि त्यांच्या मागे माझी आई बसणार होती. गाडी बाजूला घेतली. "साहेब, तुमच्या विमानात माझी आई आहे."

साहेबांनी ऑफिसला फोन लावला. "आज मी उडवू शकत नाही. हो, काय होईल ते माहितीये." त्यानंतर ते माझ्या गाडीत आलेच नाहीत. नोकरी राहिली की गेली, कोणाला विचारायची पण भीती वाटते.

त्याच सकाळी थोड्या वेळाने आईचा फोन. "अरे, विमान लेट आहे. पायलट आला नाही म्हणतात. तू आणणार होतास ना? वाटेत झोपलास काय?"

"हो, आई," बोललो.

परवा नंदाखालला आलो, पंप लावला नि केळींत आडवा झालो. शेजारी शिव्या देतच उठवायला आला. लय बरं वाटलं. घर म्हणजे काय विचाराल, तर जिथं माझ्या झोपेने फक्त वांगी बुडतात.